ज्वारीच्या मापाचे पाइप

चाचांच्या दुकानात मी दोन वर्षं जात-येत होते आणि त्या दोन वर्षांत मला गरम चहा एकदाही मिळाला नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. समोरच्या टपरीवरून चहा यायचा तो चांगला वाफाळता यायचा. पण चाचा तो पिऊ देतील तर शपथ. दोन कप शेजारी शेजारी ठेवायचे, वाकून डोळे बारीक करून दोन्हींकडे पाहायचे, मग या कपातला थोडा त्या कपात, त्यातला थोडा परत यात. पुन्हा वाकायचे, पुन्हा पाहायचे. तेवढ्यात तिसरा कोणी गिऱ्हाईक येऊन टेकला की तिसरा कप मागवला जाई आणि सगळं पहिल्यापासून. शेवटी सायीचा पापुद्रा धरलेला कप माझ्या हातात देत ते समाधानानं म्हणायचे, "घे बेटा. आता कोनावर अन्याय नाई."

दुकान मूर्तिजापुरात होतं, अकोला-अमरावती रस्त्याला लागून. धंदा एकच, गाड्यांचे धुराचे पाइप. सायलेन्सर, बेंड, इंजिनाला लागून असतं ते मॅनिफोल्ड, जे म्हणाल ते वाकवून, जोडून देत. वय सत्तरीला टेकलेलं, दाढी पांढरी, मनगटांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे बारीक डाग. बोलताना वऱ्हाडी, रागावले की उर्दू, आणि हातातल्या पाइपाशी बोलायचं असलं तर दोन्ही.

मी त्यांच्याकडे गेले ती गरजेपोटी. अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवत होते आणि शिकवता शिकवता एम.टेक. करत होते. माझा विषय सांगितला की लोक विषय बदलायचे, म्हणून थोडक्यात सांगते. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळलेला वायू एका नळीतून बाहेर पडतो. तिला आम्ही पुस्तकी लोक रनर म्हणतो, चाचा सरळ नळी म्हणत. टर्बो असलेल्या इंजिनात या सगळ्या नळ्या पुढे एकत्र येतात आणि तो वायू टर्बोच्या चाकावर जाऊन आदळतो. त्याच्या जोरावर चाक भिंगरीसारखं फिरतं आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. जास्त हवा, जास्त ताकद. आता या नळ्या आखूड असाव्यात की लांब, एवढाच माझा प्रश्न होता आणि त्यासाठी मला तीन सिलिंडरच्या एका डिझेल इंजिनाला अशा नळ्यांचे तीन वेगवेगळे जोड बनवून हवे होते. एक वीतभर नळ्यांचा, एक हातभर, एक दीड हात. लांब जोडातल्या तिन्ही नळ्या, कितीही वळणं घेतली तरी, अगदी सारख्या लांबीच्या हव्यात अशी माझी अट होती.

अमरावतीतल्या चार दुकानदारांनी माझं ड्रॉइंग पाहून परत केलं. पाचव्यानं परत करताना पत्ता दिला. म्हणाला, "मॅडम, मूर्तिजापूरले जा. तिथं एक चाचा हाये. सारखं-सारखं म्हटलं की त्याले भूक लागत नाई."

चाचांनी ड्रॉइंग उलटं धरून पाहिलं, मग सुलटं धरून, आणि दोन्हीकडून पसंत केलं.

"कोनत्या गाडीचं हाय?"

"गाडीचं नाही चाचा. कॉलेजातल्या इंजिनाचं हाय. अभ्यासासाठी."

"मंग कुठी जाईन ते?"

"कुठीच नाही. एका जागीच फिरते."

यावर त्यांनी बराच विचार केला. "चांगलं हाय," ते म्हणाले. "जागीच फिरनारं असलं की मानूस पाइपाकडे नीट लक्ष देते."

त्यांच्याशी बोलताना माझी कॉलेजातली मराठी पाच मिनिटांत गळून पडे आणि घरची वर येई. ती त्यांना जास्त आवडायची.

पंधरा दिवसांनी लांब जोड तयार झाला. मी टेप घेऊनच गेले होते. एकेक नळी मोजली आणि मला आनंद झाला, कारण चूक सापडली होती. पहिली आणि तिसरी नळी मधल्या नळीपेक्षा चांगली दोन बोटं लांब. मी मास्तरकीच्या सुरात म्हटलं, "चाचा, सारख्या नाहीत."

चाचांनी टेपकडे असं पाहिलं जसं कोणी घरात चपला घालून आलेल्या पाहुण्याकडे पाहतं. उठले. आढ्याला टांगलेला एक डालड्याचा जुना डबा खाली काढला. मी इतके दिवस समजत होते की तो कबुतरांसाठी आहे. त्यात ज्वारी होती. त्यांनी एका नळीच्या बुडाला चिंधीचा बोळा कोंबला, वरून ज्वारी ओतली, ठोकून ठोकून काठोकाठ भरली. मग तीच ज्वारी दुसऱ्या नळीत. काठोकाठ. मग तिसरीत. एक दाणा खाली सांडला नाही, एक कमी पडला नाही.

"आता सांग, तुयी टेप खरी का मायी जवारी?"

मी घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली तेव्हा डोक्यात उजेड पडला. टेप मी वळणाच्या बाहेरच्या कडेनं धरली होती, कारण तिथं ती सोयीची बसते. जास्त वळणांची नळी बाहेरून लांबच भरणार. वायू काही बाहेरच्या कडेला चिकटून जात नाही. नळी सगळीकडे सारखीच रुंद असेल तर आत मावणारी ज्वारी बरोबर मधल्या रेषेची लांबी सांगते. हे सिद्ध करायला मला दीड पान लागलं. चाचांना डालड्याचा डबा लागला होता. पुढे थीसिसमध्ये मी या पद्धतीला असं काही भारदस्त इंग्रजी नाव दिलं की त्यात ज्वारीचा मागमूस लागू नये. त्याची मला अजून लाज वाटते.

सारखेपणाचं हे वेड पाइपापुरतं असतं तर मी हे लिहिलंच नसतं. चाचांना दोन लेकी. थोरली नसीम अमरावतीत दिलेली, धाकटी शबाना अकोल्यात. दोघींचे निकाह एकाच दिवशी, एकाच मांडवात, एकाच थानातल्या कापडाच्या जोड्यांत लावलेले. त्यामुळे फोटोत कोण कोणती हे त्या दोघींनाही खात्रीनं सांगता येत नाही. चाचांचं मूळचं दुकान अकोल्यात होतं. चाची वारल्या, घर मोकळं झालं, आणि शबाना रोज डबा घेऊन येऊ लागली. चाचांना ते गोड लागेना. नसीमला रोज येता येत नाही, मग हिनंच का यावं? म्हणून त्यांनी चालता धंदा उचलला आणि अकोला-अमरावतीच्या बरोबर मध्ये, मूर्तिजापुरात आणून ठेवला. एसटीच्या वेळेनं मोजलं तर दोन्हीकडून सारखंच अंतर. एका बाजूची बस वाटेत चहाला थांबते, ती वेळ ते धरत नसत, कारण चहा ज्याच्या त्याच्या मर्जीचा.

"पन काहून एवढं, चाचा?" मी एकदा विचारलं.

"मायच्या हातची मलई नेहमी मोठ्या भावाले भेटे," ते म्हणाले. "मले खालचं दूध. तवाच ठरवलं का आपन असं नाई करायचं."

साठ वर्षं माणूस मलई विसरला नव्हता.

ईदला शीरखुर्म्याचे दोन सारखे डबे जात. शुक्रवारी दोघींना फोन. तो सोहळा मी डोळ्यांनी पाहिला आहे. समोर भिंतीवरचं घड्याळ, कानाला फोन. आधी नसीम, मग शबाना, पुढच्या शुक्रवारी आधी शबाना. एकदा नसीमशी बोलणं लांबलं, तिच्याकडे काही सांगण्यासारखं होतं. शबानाकडे त्या दिवशी काहीच नव्हतं. "अब्बा, ठेवू का?" असं तिनं विचारलं असावं, कारण चाचा म्हणाले, "ठेवू नको. तुये आनखी चार मिनिट बाकी हायेत." आणि मग चार मिनिटं दोघंही गप्प. मी स्टुलावर बसून ती चार मिनिटं ऐकली. मधे एकदा चाचा म्हणाले, "हायेस न?" आणि तिकडून बहुधा "हाये" असं आलं.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखंच होतं, डोळ्यांचं प्रकरण सोडून. चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी गेले तेव्हाच त्यांना माणसं आकारावरून कळत. वेल्डिंग ते काळ्या काचांचा चष्मा लावून करत आणि म्हणत की आता चष्म्याची गरज उरली नाही, अल्लानं आतूनच लावून दिला. टाका बरोबर पडतोय की नाही हे आवाजावरून ओळखत. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं की आता उशीर केला तर काढणं कठीण जाईल. ऑपरेशननंतर काही दिवस घरात माणूस हवं, डोळ्यात थेंब घालायला, वाकू न द्यायला. दोन्ही लेकी भांडून बोलावत होत्या. आणि नेमकं तेच चाचांना अडत होतं.

"नसीमकडे राहू तं शबाना म्हनीन, अब्बानं तिचं घर पाहिलं. शबानाकडे राहू तं नसीम तेच म्हनीन."

"मग काय करता?"

"म्या डॉक्टरले म्हटलं, एक डोया अमरावतीले करतो, एक अकोल्याले."

"मग?"

"मंग पयला कुठला करू?"

हे त्यांनी इतक्या गंभीरपणे विचारलं की मला हसता येईना. पहिला डोळा कोणाकडे, या प्रश्नावर हा माणूस दोन्ही डोळे घालवायला निघाला होता. मी समजावून पाहिलं. शबानानं फोनवर रडून पाहिलं. नसीम स्वतः येऊन, कपडे पिशवीत भरून, पिशवी बस स्टँडपर्यंत नेऊन परत आणून गेली. चाचा मध्येच बसून राहिले.

कॉलेजात या जोडांची चाचणी होती त्या दिवशी मात्र ते अमरावतीला आले. इस्त्रीचा कुर्ता, डोक्यावर नवी टोपी, काखेत ज्वारीचा डबा. नसीमकडे एक मुक्काम झाला म्हणून परतताना अकोल्याला एक मुक्काम करायचा, हे ठरवूनच आले होते. माझे गाईड सर स्वच्छ पांढऱ्या शर्टाचे गृहस्थ. प्रयोगशाळेत उभे राहिले तरी अंगाला काही लागू नये अशा बेतानं उभे राहायचे. त्यांना चाचांबद्दल मी आधीच सांगून ठेवलं होतं, ज्वारी सोडून.

लांब जोड बसवण्याआधी चाचा म्हणाले, "थांबा. बसमधे हादरे बसले. येखांदी नळी दबली असंन." आणि आम्हाला काही सुचायच्या आत खाली मांडी ठोकून त्यांनी तिन्ही नळ्यांत ज्वारी भरून, ओतून, पुन्हा भरून खात्री करून घेतली. सर माझ्याकडे पाहत होते. मी इंजिनाकडे पाहत होते.

जोड चढला, इंजिन सुरू झालं, फेऱ्या वाढवल्या. मिनिटभरात खोलीत एक वास पसरला. ओळखीचा वास, पण तिथला नव्हे. सरांनी नाक वर केलं.

"कोणाचा डबा गरम होतोय?"

वास होता भाकर करपल्याचा. वेल्डिंगच्या टाक्याआड मूठभर ज्वारी अडून राहिली होती. ती गरम वायूबरोबर सुटली, टर्बोच्या चाकातून दळून निघाली आणि भाजून मागच्या पाइपातून बाहेर पडू लागली. पाइपाचं तोंड होतं खिडकीच्या दिशेला आणि खिडकीत उभे होते सर. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर बाजूनं एक खमंग तपकिरी सडा पडला. मी इंजिन बंद केलं. टर्बो उघडून पाहिला तर सुदैवानं चाकाला काही झालं नव्हतं, फक्त पात्यांवर पिठाचा हात फिरला होता.

मी खाली मान घालून उभी. चाचा मात्र ताठ. सरांना म्हणाले, "साहेब, वास आला म्हंजे समजा, माल मोजून बसोला. न मोजता बसोनाऱ्याच्या इंजिनातून असा वास येत नाई."

सरांनी शर्ट झटकला. पण जाताना त्यांनी मला हळूच विचारलं की यांच्याकडे मोटारसायकलचा सायलेन्सर होतो का.

पुढचे आठ दिवस मी तिन्ही जोड आलटूनपालटून लावले, आकडे घेतले, आलेख काढले. निकाल स्वच्छ होता आणि तो चाचांच्या बाजूचा नव्हता. लांब, सारख्या नळ्यांत तिन्ही सिलिंडरचे धक्के ठरलेल्या अंतरानं येतात, एकमेकांच्या अंगावर जात नाहीत, हे खरं. अगदी वरच्या फेऱ्यांना, म्हणजे इंजिन जोरात फिरत असताना, त्याचा थोडा फायदाही दिसला. पण एवढ्या लांबून येता येता वायू निवतो, आणि निवलेल्या वायूत चाक ढकलायचा जोर उरत नाही. वीतभर नळ्यांत गर्दी होते, धक्काबुक्की होते, कोणाला लांब पडतं, कोणाला जवळ. तरी वायू तापलेला पोचतो आणि खालच्या फेऱ्यांतच चाक चटकन उचलतं. ट्रॅक्टर काय, माल वाहणारी गाडी काय, त्यांचं सगळं आयुष्य खालच्या फेऱ्यांतच जातं. तिथं आखूड जोड सरळ सरळ जिंकला होता.

चाचांचा फोन आला. "कोन जिंकलं?"

डोळ्यांसमोर तो डालड्याचा डबा आला, मूर्तिजापुरातलं ते मधलं दुकान आलं. मी म्हटलं, "वरच्या फेऱ्यांले लांबवाली जिंकली, चाचा."

ते खरं होतं आणि ते खोटं होतं. थीसिसमध्ये मी सगळं लिहिलं, चाचांना अर्धं सांगितलं. त्या दिवशी त्यांनी दुकानात जिलेबी वाटली आणि एकेक सारखा पुडा दोन्ही लेकींकडे धाडला. मला वाटलं, कोणाचं काय बिघडलं?

बिघडलं ते दोन महिन्यांनी माझ्या दारात येऊन उभं राहिलं. वलगावचे एक भाऊ होते, फुलकोबी-मेथीचा मळा असलेले. आपल्या टर्बोवाल्या पिकअपमधून आठवड्याला चिखलदऱ्याला भाजी घेऊन चढायचे. त्यांच्या गाडीचं मॅनिफोल्ड, म्हणजे असाच नळ्यांचा जोड, तडकलं होतं, कंपनीचं लवकर मिळेना, म्हणून ते चाचांकडे गेले होते. चाचांनी त्यांना लांब, सारख्या नळ्यांचं, चारचौघांत मिरवावं इतकं देखणं मॅनिफोल्ड बनवून दिलं. वर सांगितलं, कॉलेजच्या मॅडमनं मशीनवर तपासलंय.

"मॅडम, रागावू नका," ते भाऊ टोपी हातात घेऊन म्हणाले. "तुमीच तपासलं म्हने. सपाटीवर हरनावानी पयते. पन घाटात खालून दमच धरत नाई. पाय दाबला तं गाडी आधी इचार करते, मंग निंगते. परवा वळनावर इचार करता करता मागं सरकली."

"कोणाला लागलं का?"

"लागलं नाई. दोन कॅरेट कोबी दरीत गेली. अन् बायको उतरली ते पुढं बसालेच तयार नाई. वरपर्यंत पायी आली."

ते हसत होते. मला हसू येईना. माझ्या एका गोड वाक्यानं एक माणूस घाटात मागं सरकला होता. त्यांची बायको आत असताना गाडी आणखी हातभर सरकली असती तर काय, हे मी पुढे कितीतरी दिवस मनात घोळवत होते. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी मूर्तिजापूरची बस धरली.

चाचा दुपारच्या उन्हात दारात बसले होते. चहा आला, कप शेजारी शेजारी ठेवले गेले, ओतणं सुरू झालं. ओतताना थोडा चहा आता बशीतही पडत होता, कारण कपाची कड त्यांना धड दिसत नव्हती. मी सगळं सांगून टाकलं. आलेख, आखूड जोड, वलगावचे भाऊ, कोबी, पायी चालणारी बायको.

त्यांचा हात थांबला.

"तवाच काहून नाई सांगतलं?"

"तुमचं मन मोडलं असतं."

"मोडलं असतं तं टाका मारून घेतला असता. मायं कामच ते हाय." मग आवाज एकदम खाली आला. "घाटात गाडी मागं सरकली, बेटा. मायी बनोलेली."

ते उठले. चाचपडत कोपऱ्यातून दोन तुकडे उचलले, एक वीतभर पाइप, एक दीड हात. आखूड पाइपाला तोंड लावलं, दुसऱ्या टोकाशी तळहात धरला आणि चष्म्याच्या काचेवर सोडतात तसा 'हाss' करून श्वास सोडला. मग लांब पाइप घेतला, हात पार पुढे ताणून तळवा धरला आणि पुन्हा सोडला. पुन्हा आखूड. पुन्हा लांब. रस्त्यावरून एसटी गेली तिच्यातली माणसं वाकून पाहत होती.

"लांबवालीतून सगळ्याले बराबर भेटते न?" त्यांनी विचारलं.

"भेटते, चाचा."

"पन थंडं भेटते."

"हो. थंडं भेटते."

मी इंजिनाबद्दल बोलत होते. शपथेवर सांगते, त्या क्षणी माझ्या डोक्यात इंजिनच होतं. चाचांनी मात्र पाइप मांडीवर आडवा ठेवला. मग त्यांनी एकदम विचारलं, "शबाना रोज डबा आनत होती तवा पोया गरम राहत. म्या मना केलं. हे तुले कधी सांगतलं का?"

"डब्याचं सांगतलं होतं. पोया गरम राहत, ते नाही."

"हं," ते म्हणाले. "मूर्खपना कोन सांगते!"

चहा तसाच राहिला, अर्धवट वाटलेला. वलगावच्या भाऊंचं आखूड मॅनिफोल्ड त्यांनी दुसऱ्याच दिवशी करायला घेतलं. नळ्या वीतभराच्या, जिथं जशा बसल्या तशा, एक जरा मोठी, एक जरा छोटी. ज्वारीचा डबा आढ्यालाच राहिला. भाऊंनी पुढच्या आठवड्यात फोन करून सांगितलं की गाडी आता घाटात विचार करत नाही आणि बायको पुन्हा पुढे बसते.

आणि मग महिनाभरानं शबानाचा फोन आला. अब्बांनी दुकान बंद केलं, अकोल्याला आले, दोन्ही डोळे इथंच करून घेतले, एकामागून एक. मी म्हटलं, "अन् नसीम?" ती म्हणाली, "ती बोलतच नाही ना! पंधरा दिवस फोन नाही उचलला. म्हणते, अब्बांनी निवडलं." चाचांनी नसीमला काय सांगितलं ते मला नंतर कळलं. ते म्हणाले होते, "निवडलं नाई. जी जास्त भांडली तिच्याकडे आलो. तुले यायचं असंन तं तू बी भांड." तिनं सल्ला मनावर घेतला.

मी अकोल्याला गेले तो रविवार होता. गल्लीच्या तोंडापासूनच दोन बायकांचा आवाज ऐकू येत होता. नसीम दर रविवारी अमरावतीहून येत होती आणि थेंब कोणी घालायचे, उशी किती उंच ठेवायची, कशावरूनही शबानाशी वाद घालत होती. मध्ये पलंगावर चाचा, काळा चष्मा लावून, सभेचे अध्यक्ष असल्यासारखे बसलेले.

"मूर्तिजापूरले सहा सहा महिने येत नव्हती," ते मला हळूच म्हणाले. "आता दर रविवारी येते. नुसती भांडाले!" हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मी त्या मधल्या दुकानात कधी पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं आणि थोडं रडूही आलं.

मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "थांब. पाहू दे." दोन वर्षं मी त्यांना धुक्यातच दिसत आले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं आणि निराश झाले.

"तू तं बुटकी निंगाली व! आवाजावरून मले वाटे, चांगली उंचपुरी असशीन."

"चाचा, ज्वारीचा डबा कुठं हाय?" मी विषय बदलला.

"रिकामा. शबानानं कबुतराले टाकली. आता काय मोजाचं हाय?"

शबाना ताटलीत चहा घेऊन आली. तीन कप. एक काठोकाठ, एक बराच खाली, एक मधेच कुठंतरी. मी सवयीनं हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसले. दोन वर्षांची सवय, ती अशी कशी जाणार? चाचांनी सगळ्यात कमी भरलेला कप स्वतःकडे ओढला, काठोकाठचा माझ्या हातात दिला, आणि दुसरीकडे पाहून पिऊ लागले.

"पी न. वाट कायची पाहून राहिली?"

मी घोट घेतला आणि माझी जीभ चांगली भाजली.